नायक म्हणून दोन चित्रपट, मग तीन वर्षं शांतता: चरित्र भूमिका घ्याव्यात का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय 34. मराठीत नायक म्हणून दोन चित्रपट झाले. पहिला चालला, दुसरा पडला. त्यानंतर तीन वर्षांत नायकाची एकही पक्की ऑफर आली नाही. आता दोन कामं समोर आहेत: एका रोजच्या मराठी मालिकेत नायिकेचा मोठा भाऊ, आणि एका हिंदी वेबसिरीजमध्ये पोलिस उपनिरीक्षक, सहा दिवसांचं काम. मित्र म्हणतात, एकदा साइड रोल केला की नायक म्हणून कायमचे बाद. मग घ्यावं की थांबावं?

माझं उत्तर: उपनिरीक्षक घ्या. मालिका काही अटी मान्य झाल्या तरच घ्या. थांबण्याचा पर्याय मात्र मनातून काढून टाका. असं का म्हणतो ते नीट सांगतो, कारण तुमचा खरा प्रश्न या दोन भूमिकांपेक्षा मोठा आहे.

नायकाकडून चरित्र भूमिकेकडे, म्हणजे नायक-नायिकेभोवतीच्या आधाराच्या भूमिकेकडे, जाण्याला सगळे ‘खाली येणं’ समजतात, आणि तिथेच घोटाळा होतो. हा धंदाच बदलतो. नायकाला निर्माता किंवा दिग्दर्शक निवडतो, चरित्र कलाकाराचं नाव बहुतेक वेळा कास्टिंगवाल्याच्या यादीतून येतं. नायक ठोक रकमेवर काम करतो, चरित्र कलाकार दिवसाच्या दरावर. नायकासाठी तारखा जुळवल्या जातात, इथे आपल्यालाच जुळवून घ्याव्या लागतात. फोटो, ऑडिशन, दर, सेटवरची पद्धत, सगळं नव्याने उभं करावं लागतं. हे न बदलता ‘बघू, एखादी भूमिका करून’ म्हणणारे दोन्हीकडून राहतात: नायकाचं काम येत नाही, आणि चरित्र भूमिकांच्या यादीत नाव लागत नाही.

आता काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत, आणि त्या प्रश्नात आलेल्या नाहीत. घरखर्च किती महिने निघेल? हिंदी किती साफ आहे? नाटकाची सवय आहे का? घराचा किंवा गाडीचा हप्ता चालू आहे का? हप्ता असेल तर मालिकेचं पारडं जड होतं. नसेल तर निवड करायला मोकळीक आहे. पुढचं वाचताना हे ध्यानात ठेवा.

मित्रांच्या भीतीबद्दल आधी बोलू, कारण आपल्याच सिनेमाच्या इतिहासात तिला चोख उत्तरं आहेत.

लीला चिटणीस 1939 ते 1941 या काळात बॉम्बे टॉकीजच्या ‘कंगन’, ‘बंधन’ आणि ‘झूला’ या चित्रपटांत अशोककुमारची नायिका होत्या. 1941मध्ये लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकल्या, तेव्हा तो मान भारतीय नटीला मिळत नसे. नंतर नायिकेची कामं आटली. 1948च्या ‘शहीद’मध्ये त्या दिलीपकुमारची आई झाल्या आणि 1951च्या ‘आवारा’मध्ये राज कपूरची. चाळिशीच्या आसपासच्या नटीने आपल्याहून फार लहान नसलेल्या नायकाची आई व्हायचं, हे सोपं नव्हतं. पण नायिका म्हणून त्यांचा ऐन भर तीनेक वर्षांचा, आणि आई म्हणून त्या पुढे दोन दशकं पडद्यावर राहिल्या. ‘थोरली बहीण’, ‘विधवा वहिनी’ अशा मधल्या पायऱ्यांवर त्या रेंगाळल्या नाहीत, थेट आई झाल्या. अर्धवट बदल लोकांच्या लक्षात राहत नाही.

सुलोचनाबाईंचं उदाहरण तुम्हाला जास्त उपयोगी पडेल. त्यांचा जन्म 1928चा, शम्मी कपूरचा 1931चा. 1959च्या ‘दिल देके देखो’मध्ये त्या शम्मी कपूरच्या आई होत्या. त्याच काळात मराठीत मात्र कथा त्यांच्याभोवती फिरत होती, 1963चा ‘मोलकरीण’ आठवा. म्हणजे एका भाषेत आधाराची भूमिका आणि दुसरीत मध्यवर्ती, असं एकाच वेळी चालू शकतं. हिंदीतल्या उपनिरीक्षकामुळे तुमचं मराठीतलं स्थान बिघडेल ही भीती म्हणूनच मला पटत नाही. मराठी निर्माता उलट हिंदीतलं काम जमेच्या बाजूला धरतो.

आणि ललिता पवार. मूकपटांपासून काम केलेली ही येवल्याची मुलगी नायिका होती. 1942मध्ये ‘जंग-ए-आझादी’च्या सेटवर भगवानदादांना त्यांना थप्पड मारायची होती. ती जोरात बसली, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, डावा डोळा कायमचा बारीक झाला. उपचारांत तीन वर्षं गेली. नायिका म्हणून परतण्याचा रस्ता बंद झाला होता. त्यांनी तो डोळा लपवला नाही, त्याचा वापर केला. ‘दहेज’मधली सासू 1950ची. 1959च्या ‘अनाडी’मधल्या मिसेस डिसाला सहायक अभिनेत्रीचा फिल्मफेअर मिळाला, आणि दूरदर्शनवरच्या ‘रामायण’मध्ये त्यांनी मंथरा केली तेव्हा वय सत्तरीत होतं. मिसेस डिसा आणि मंथरा शेजारी ठेवून पाहा. तोच डोळा एकीकडे वात्सल्याचा वाटतो, दुसरीकडे विषाचा. हा फरक मेकअपचा नाही. मान किती वळवायची आणि ओळीत कुठे थांबायचं, याचा आहे.

थप्पड मारणाऱ्या भगवानदादांचंही पुढे काय झालं ते पाहा. 1951चा ‘अलबेला’ निर्माता, दिग्दर्शक आणि नायक म्हणून त्यांचाच. तुफान चालला. तेच यश पुन्हा मिळवण्यासाठी 1953मध्ये ‘झमेला’, बऱ्याच वर्षांनी ‘लाबेला’. चित्रपट चालले नाहीत. स्वतःचा पैसा गुंतलेला होता. जुहूचा बंगला गेला, गाड्या गेल्या, आणि शेवटची वर्षं दादरच्या चाळीत निघाली. चरित्र भूमिका त्यांनी केल्या, पण बहुतेकांना त्यांच्याकडून ‘अलबेला’तली ती नाचाची पावलंच हवी असायची. या माणसाबद्दल मला अतोनात आदर आहे. हिंदी पडद्यावर नायकाला मनमोकळं नाचायला त्यांनी शिकवलं. पण त्यांच्या कहाणीतून घ्यायची गोष्ट स्पष्ट आहे: गेलेलं नायकपद परत मिळवण्यासाठी स्वतःच्या पैशाने चित्रपट काढू नका. पडत्या काळात ही सूचना हमखास कोणीतरी देतं, आणि देणारा सहसा तुमच्या खर्चाने दिग्दर्शक व्हायला निघालेला असतो.

आता दोन्ही भूमिका तपासू.

भूमिकेची लांबी मोजू नका. पटकथेतून ते पात्र काढून टाका आणि किती प्रसंग कोसळतात ते मोजा. उपनिरीक्षक सहा दिवसांचाच असेल, पण पुरावा त्याला सापडत असेल, किंवा तो नायकाशी खोटं बोलत असेल, तर दोन प्रसंग त्याच्यावाचून उभेच राहणार नाहीत. अशी भूमिका घ्या. नुसताच ‘सर, गाडी तयार आहे’ म्हणणारा असेल तर दुप्पट दरानेही नको, कारण कास्टिंगवाले पुढे तुम्हाला त्याच खणात ठेवतील. संपूर्ण पटकथा बऱ्याचदा देत नाहीत. तुमच्या प्रसंगांची पानं आणि प्रत्येक प्रसंगाच्या आधीच्या-नंतरच्या प्रसंगाचा सारांश मागा. एवढं मागणं रास्त आहे आणि सहसा मिळतं.

मालिकेतल्या भावाचा धोका वेगळा आहे. कुटुंबाच्या प्रसंगात दहा माणसं उभी असतात. नायिका बोलते, बाकीच्यांच्या प्रतिक्रिया घेतल्या जातात. महिन्यातले पंधरा दिवस नुसतं मागे उभं राहण्यात जाऊ शकतात. म्हणून विचारा: पहिल्या तीन महिन्यांत भावाचा स्वतःचा ट्रॅक आहे का? त्याचं लग्न, नोकरी, गुन्हा, आजार, काहीही चालेल, पण त्याचं स्वतःचं हवं. महिन्याला किमान किती दिवसांची हमी? हमी लेखी नसेल तर ‘वीस-बावीस दिवस लागतील’ या तोंडी आकड्याला अर्थ नाही. ट्रॅक थंडावला की ते चार दिवसांवर येतात, तारखा मात्र अडकलेल्या राहतात. मालिकेचे पैसे साधारण 90 दिवसांनी हातात येतात, तेव्हा पहिले तीन महिने घर दुसऱ्या पैशावर चालवावं लागेल. हे आधी धरलं नाही, तर चौथ्या महिन्यात तुम्ही गरजेपोटी वाटेल ते काम घ्याल.

दराचा विषय सगळ्यांना बोचतो, म्हणून हिशेब कागदावर करून दाखवतो. समजा, नायक म्हणून चित्रपटाचे 6,00,000 रुपये मिळाले. शूटिंग 40 दिवस, तालमी 10, डबिंग 4, प्रसिद्धीचे दौरे 21. एकूण 75 दिवस. म्हणजे दिवसाला 8,000 रुपये पडले. आता उपनिरीक्षकाला दिवसाला 10,000 देत असतील तर तो अपमान कसा? सहा दिवसांचे 60,000, त्यातून 10 टक्के टीडीएस कापून 54,000 खात्यात येतील, आणि टीडीएसचा हिशेब विवरणपत्र भरताना होईल. स्वतःचे आकडे घालून हे गणित एकदा कराच. बोलणी करताना आवाजातला कडवटपणा आपोआप कमी होतो, आणि ते समोरच्याला जाणवतं.

पैसे बुडण्यापेक्षा दिवस बुडण्याचं प्रमाण मोठं आहे. सहा दिवस सलग क्वचितच असतात. दोन आज, एक तीन आठवड्यांनी, उरलेले पुढच्या शेड्यूलला. तोवर कापलेले केस आणि ठेवलेली मिशी तशीच ठेवायची, म्हणजे कितीतरी आठवडे तुम्ही दुसरा कुठलाही लुक करू शकत नाही. म्हणून करारात दिवसांच्या संख्येबरोबर लुक कुठल्या तारखेपर्यंत सांभाळायचा ते लिहून घ्या, आणि शेड्यूल त्यापुढे सरकलं तर काय भरपाई तेही. त्याच कागदावर आणखी काही गोष्टी हव्यात. शिफ्ट 12 तासांची आणि त्यावरच्या वेळेचा दर. डबिंग आणि पॅचचा, म्हणजे राहिलेल्या तुकड्यांच्या शूटिंगचा, एखादा दिवस रकमेत धरलाय की वेगळा. बाहेरगावी जायचा-यायचा दिवस कसा मोजणार. बोलावून काम न घेता परत पाठवलं तर पूर्ण दिवस की अर्धा. श्रेयनामावलीत नाव कुठे. पैसे कामानंतर किती दिवसांत. यातलं सगळं मिळणार नाही. लुकची तारीख आणि पैशांची तारीख या दोन गोष्टींवर मात्र अडून राहा.

फोटो आणि ऑडिशन पूर्ण बदला. नायक म्हणून काढलेले, केसांत वारा असलेले फोटो आता तुमच्या विरोधात जातात, कारण ते पाहणाऱ्याला ‘हा अजून नायकच समजतो स्वतःला’ असं वाटतं. तीन फोटो पुरेत: खिडकीच्या उजेडात, साध्या शर्टात समोरून एक, बारीक केस आणि मिशी असलेला एक, आणि वयाने चार-पाच वर्षं मोठा वाटेल असा एक. रील, म्हणजे केलेल्या कामांतले निवडक तुकडे, दीड-दोन मिनिटांचं. पहिल्या दहा सेकंदांत तुम्ही बोलताना दिसला पाहिजेत. गाणी नकोत, एन्ट्रीचा स्लो मोशन तर अजिबात नको.

घरून ऑडिशन पाठवताना फोन आडवा, स्टँडवर, डोळ्यांच्या उंचीला. मागे रिकामी भिंत. फ्रेम छातीपासून वर. समोरचे संवाद वाचणारा माणूस कॅमेऱ्याच्या अगदी बाजूला बसवा, म्हणजे तुमची नजर लेन्सच्या जवळ राहील, आणि त्याला हळू आवाजात वाचायला सांगा, कारण माइक त्याच्या जवळ असतो. सुरुवातीला नाव, उंची, राहण्याचं गाव आणि मोकळ्या तारखा, मग दोन्ही बाजूंचे प्रोफाइल. दोन टेक पाठवा, पण ते खरोखर वेगळे हवेत: एकात उपनिरीक्षक ऐकताना आधीच निर्णय घेऊन बसलेला, दुसऱ्यात ऐकता ऐकता बदलणारा. एकच टेक दोनदा पाठवणारे खूप असतात.

सेटवरचा बदल सगळ्यात अवघड, म्हणून त्यावर जरा थांबतो.

नायकाचा क्लोज, म्हणजे फक्त चेहऱ्याचा शॉट, सकाळी ताजा चेहरा असताना घेतात. चरित्र कलाकाराचा क्लोज अनेकदा शेवटी येतो, पॅकअपला वीस मिनिटं उरलेली असताना, मोठा नट घरी गेलेला असताना. क्यू, म्हणजे समोरच्याचा संवाद, सहायक दिग्दर्शक देतो, सपाट आवाजात. ‘सगळं मास्टरमध्ये, म्हणजे अख्खा प्रसंग एकत्र टिपणाऱ्या शॉटमध्ये, ओतलं, क्लोजला काहीच उरलं नाही’ हा नव्याने चरित्र भूमिकांकडे आलेल्यांचा ठरलेला घोटाळा. उपाय घरी करायचा आहे. आपले संवाद कोणालातरी निर्विकार आवाजात, चुकीच्या वेगाने वाचायला सांगा आणि त्यावर काम करून पाहा. रात्री नऊला, दिवसभराच्या थकव्यानंतर करा.

दुसरं, कंटिन्युइटी, म्हणजे एका शॉटमधल्या हालचाली दुसऱ्याशी जुळणं. मास्टरमध्ये कुठल्या शब्दावर फाइल उचलली, कुठल्या शब्दावर टोपी काढली, हे पेन्सिलीने पानावर लिहा. नायकाचं जुळलं नाही तरी संकलक त्याचा शॉट ठेवेल. तुमचं जुळलं नाही तर तुमचाच शॉट जाईल. म्हणून हालचाली कमी ठेवा. एका पात्राला एक लकब पुरे.

तिसरं, ओव्हर द शोल्डर, म्हणजे एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याचा चेहरा दाखवणाऱ्या, शॉटमध्ये पाठ तुमची असेल तर वजन एका पायावरून दुसऱ्यावर घेऊ नका, समोरच्याचा चेहरा झाकला जातो. कॅमेरामनला ‘फ्रेम कुठे कापतेय’ एवढं विचारा. त्यात कमीपणा नाही. हे सांभाळणाऱ्या नटाचं नाव कॅमेरा विभाग लक्षात ठेवतो आणि पुढच्या कामाला सुचवतो.

वर्दीचंही पाहून घ्या. उपनिरीक्षकाच्या खांद्यावर दोन तारे असतात, आणि डोक्यावर टोपी नसताना हाताने सॅल्यूट करत नाहीत, सावधान उभं राहतात. ड्रेसवाल्याकडून चुका होतात आणि पडद्यावर त्या तुमच्या नावावर जमा होतात.

एकाच साच्यात अडकण्याची भीती मात्र खरी आहे. जगदीश राज यांनी 144 चित्रपटांत पोलिस साकारला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. साचा त्यांना आयुष्यभर काम देत राहिला. इफ्तेखार 1944च्या ‘तकरार’मध्ये कलकत्त्याला नायक होते, फाळणीनंतर मुंबईत आले, आणि 1969च्या ‘इत्तेफाक’पासून वर्दी त्यांच्या अंगावर चढली. ‘जंजीर’मध्ये ते पोलिस आयुक्त होते, तरी दोन वर्षांनी ‘दीवार’मध्ये कायद्याच्या दुसऱ्या बाजूचे मुल्कराज डावर झाले आणि त्याच वर्षी ‘शोले’त राधाचे वडील. वर्दीतला भारदस्तपणा त्यांनी तसाच ठेवला, फक्त तो कोणाच्या बाजूने उभा आहे ते बदललं. तुम्हीही पहिले दोन पोलिस घ्या. तिसरा अगदी तसाच आला तर त्यात काहीतरी उलटं मागा: लाचखाऊ, घाबरट, निवृत्तीला आलेला. नाहीच मिळालं तर सोडा.

साचा मोडायची उत्तम जागा आपल्याकडे नाटक आहे, आणि मराठी नटाला ही सोय आहे हे मोठं भाग्य. चालू नाटकातली रिप्लेसमेंट, म्हणजे दुसऱ्या नटाने सोडलेली भूमिका, मागायला लाजू नका. आठ-दहा दिवसांत भूमिका पाठ करून शिवाजी मंदिरला किंवा बालगंधर्वला उभं राहिलात, की आवाज आणि दम दोन्ही परत येतात. नाइट, म्हणजे एका प्रयोगाचं मानधन, फार मोठी नसते, पण दौरा चालू असला तर नियमित असते. अडचण एकच, प्रयोग शनिवार-रविवारी असतात. मालिका घेतलीत तर महिन्यातले किमान दोन रविवार मोकळे, ही अट कराराआधी घाला. सही झाल्यावर ती कोणी ऐकत नाही.

कामं मागताना स्वतः संदेश पाठवा. लिहायचं एवढंच: आता चरित्र भूमिका करतो आहे, वय पडद्यावर 32 ते 42, मराठी-हिंदी, अमुक तारखांना मोकळा, सोबत नवीन फोटो आणि रील. मधली तीन वर्षं का रिकामी गेली याचा खुलासा नको, कोणी विचारलेलाही नसतो. पुन्हा लिहायचं ते सहा-आठ आठवड्यांनी, आणि सांगायला नवं काही असेल तेव्हाच. ऑडिशनसाठी, नोंदणीसाठी किंवा ‘रोल पक्का करायला’ कोणी आधी पैसे मागितले तर तो फसवतोय. काम मिळवून देणाऱ्या कोऑर्डिनेटरची टक्केवारी तुमचे पैसे खात्यात आल्यावरच द्यायची.

थोडक्यात क्रम असा ठेवा. उपनिरीक्षकाची पानं मागवून पात्र काढून टाकण्याची कसोटी लावा, लुकची आणि पैशांची तारीख लेखी घ्या आणि होकार द्या. मालिकेला ट्रॅक, दिवसांची हमी आणि दोन रविवार विचारा. तीनपैकी दोन मिळाले तर घ्या. दोन्ही कामं एकत्र करायची असतील तर दोन्ही लुक एकमेकांना चालतात का, हे दोन्हीकडच्या सहायक दिग्दर्शकांना आजच फोन करून विचारा. तुमच्या प्रोफाइलच्या फोटोत दाढी आहे. वर्दीच्या लुक टेस्टची तारीख लेखी येईपर्यंत ती काढू नका, कारण मालिकेतल्या भावाला कदाचित तीच हवी असेल आणि ती परत पूर्ण यायला महिना जाईल.